दोन ठिसूळ वस्तूंतून एक चिवट वस्तू: संमिश्र पदार्थांचे शास्त्र घडवणारे संशोधक

काचेची कांडी हातातून पडली की फुटते आणि नुसते घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे द्रवरूपात ओतून घट्ट होणारे प्लास्टिक, हातोडीच्या फटक्याने तडकते. तरीही याच दोन वस्तूंपासून केलेली फायबरची होडी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे लाटांचे तडाखे सोसते. दोन ठिसूळ घटकांतून चिवट वस्तू कशी तयार होते, हा संमिश्र पदार्थांच्या, म्हणजे कंपोझिट्सच्या, अभियांत्रिकीतला मूळ प्रश्न आहे. मातीत भुसा कालवून भिंती उभारणाऱ्यांना त्याचे उत्तर अनुभवाने ठाऊक होते. पण तंतू किती घालायचे, किती लांबीचे, कोणत्या दिशेने आणि किती घट्ट चिकटवलेले, हे आकड्यांत सांगण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. ज्यांनी हे काम केले त्यांतील काहींना पदके मिळाली, काहींची नावे सूत्रांना जोडली गेली आणि अनेकांची नावे या क्षेत्राबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. नवा तंतू शोधणाऱ्याचे कौतुक लवकर होते, तंतूपर्यंत भार कसा पोचतो हे उलगडून सांगणारा मात्र मागे राहतो. माझ्या मते या शास्त्राचा पाया या दुसऱ्या प्रकारच्या संशोधकांनी घातला, आणि त्यांचा गौरव करायचा असेल तर त्यांनी नेमके काय शोधले हे आधी समजून घ्यायला हवे.

पहिले नाव ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांचे घ्यावे लागते. इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमानसंशोधन संस्थेत १९२० च्या सुमारास ते एका विसंगतीचा विचार करत होते. काचेतील अणूंना बांधून ठेवणाऱ्या बंधांच्या ताकदीवरून काच जितकी बळकट असायला हवी, त्याच्या अगदी थोड्या अंशाइतक्या ताणाला ती प्रत्यक्षात तुटते. असे का व्हावे? चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये गणिताने दाखवले होते की पदार्थात चिंचोळे छिद्र असेल तर त्याच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. ग्रिफिथ यांनी त्याला ऊर्जेच्या हिशेबाची जोड दिली. भेग वाढते तेव्हा ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होते, पण दोन नवे पृष्ठभाग तयार व्हायचे असल्याने ऊर्जा खर्चही होते. मोकळी होणारी ऊर्जा भेगेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि खर्च मात्र लांबीच्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे भेग एका ठरावीक लांबीच्या आत असेपर्यंत मुकाट राहते आणि ती मर्यादा ओलांडली की स्वतःहून धावत सुटते. काचेला दुबळे करतात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा, काचेतील रासायनिक बंध नव्हेत, असा या हिशेबाचा अर्थ होता.

हे पडताळण्यासाठी ग्रिफिथ यांनी काच वितळवून तिचे अधिकाधिक बारीक तंतू ओढले आणि ते तोडून पाहिले. सुमारे १ मिलिमीटर जाडीची कांडी १७० मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे ताण मोजण्याचे एकक) आसपास तुटली, तर सुमारे ३ मायक्रोमीटर जाडीचा ताजा तंतू ३,४०० मेगापास्कलपर्यंत टिकला. काच तीच आणि बळकटी मात्र वीसपट. बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही, हे याचे एक कारण होते. ताजा ओढलेला आणि कशाचाही स्पर्श न झालेला पृष्ठभाग हे दुसरे कारण असल्याचे पुढील दशकांतील प्रयोगांतून दिसले, आणि नीट ओढलेल्या तंतूंच्या बाबतीत जाडीपेक्षा या कारणाचे वजन जास्त असल्याचे कळले. म्हणूनच आजही कारखान्यात काचेचा तंतू साच्यातून बाहेर पडताच, दुसऱ्या तंतूला घासण्याआधी, त्याच्यावर संरक्षक द्रवाचा पातळ थर चढवतात. एका वैज्ञानिकाने ठिसूळपणाचे कारण शोधावे आणि त्याच प्रयोगातून बळकट तंतूंचे सारे शास्त्र सुरू व्हावे, असे क्वचितच घडते. ग्रिफिथ स्वतः पुढे टर्बाइन आणि जेट इंजिनांच्या रचनेकडे वळले आणि तिथेही त्यांनी मूलभूत काम केले.

बारीक तंतू बळकट असतात हे कळल्याने काम संपले नाही. सुट्या तंतूंची दोरी वळता येते, पण दोरीने तुळई किंवा विमानाचा पंख करता येत नाही, कारण दोरी दाब सोसत नाही आणि तिला स्वतःचा आकार नसतो. तंतूंना जागेवर धरणारे, ओरखड्यांपासून वाचवणारे आणि एका तंतूवरचा भार दुसऱ्यापर्यंत नेणारे काहीतरी सभोवती लागते, आणि ते काम रेझिन करते. रेझिन स्वतः तंतूच्या मानाने दुबळे असते. मग दुबळे रेझिन बळकट तंतूवर भार चढवते कसे? हा या विषयाचा गाभा आहे आणि त्याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले.

टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत काम करणारे एच. एल. कॉक्स कागदाच्या ताकदीचा अभ्यास करत होते, कारण कागद हे आखूड तंतूंचेच जाळे असते. १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की भार तंतूच्या टोकातून आत शिरत नाही. तंतू आणि सभोवतालचा पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात ताणले जात असल्याने त्यांच्या सांध्यावर घसरवू पाहणारा जोर निर्माण होतो, त्याला अभियंते शियर म्हणतात, आणि या शियरमार्फत भार तंतूच्या बाजूंतून हळूहळू आत जातो. टोकाशी तंतूवर ताण जवळपास शून्य असतो आणि मध्याकडे जाताना तो वाढत जातो. चिखलात पुरलेली दोरी ओढून पाहिली तर हे लगेच जाणवते: वीतभर पुरलेली दोरी अलगद निघून येते, आणि पुरेशी लांब पुरलेली दोरी निघण्याआधी तुटते.

ही ‘पुरेशी लांबी’ किती, याचे थेट उत्तर केंब्रिजमधील अँथनी केली आणि त्यांचे सहकारी टायसन यांनी १९६५ मध्ये दिले. तांब्यात टंगस्टनच्या बारीक तारा घालून केलेल्या प्रयोगांतून त्यांनी जे सूत्र मांडले ते शब्दांत सांगता येते. तंतूच्या बळकटीला त्याच्या व्यासाने गुणायचे आणि सांध्याला सोसणाऱ्या शियरच्या दुपटीने भागायचे, म्हणजे तंतूची निर्णायक लांबी मिळते. उदाहरणापुरते आकडे घालून पाहू. तंतूची बळकटी ३,४०० मेगापास्कल, व्यास १० मायक्रोमीटर आणि सांध्याची ताकद ४० मेगापास्कल धरली, तर उत्तर ४२५ मायक्रोमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी येते. यापेक्षा आखूड तंतू कितीही बळकट असला तरी तुटण्याआधी रेझिनमधून निसटतो, म्हणजे त्याची ताकद पूर्णपणे वापरलीच जात नाही. होडीसाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी वापरल्या जाणाऱ्या काचतंतूंच्या मॅटमधील तुकडे काही सेंटिमीटर लांब असतात, म्हणून ते या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहेत. यंत्राच्या साच्यात दाबाने भरल्या जाणाऱ्या प्लास्टिकमधील तंतू मात्र प्रक्रियेतच मोडून मिलिमीटरभराच्या आत येतात आणि त्या वस्तूंची ताकद या सूत्रावरच तोलली जाते. अशा दोन ओळींच्या सूत्रावर एक आख्खा उद्योग उभा राहतो, ही गोष्ट मला केलींच्या पुढच्या कोणत्याही पदापेक्षा मोठी वाटते. ते पुढे दीर्घकाळ सरे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या सूत्रावरून कोणालाही वाटेल की सांधा जितका घट्ट तितका पदार्थ चांगला. इथेच जॉन कुक आणि जे. ई. गॉर्डन यांचे १९६४ चे काम पुढे येते. धावत येणाऱ्या भेगेच्या टोकाशी दोन प्रकारचे ताण असतात. एक ताण भेग उघडतो. दुसरा ताण भेगेच्या धावण्याच्या दिशेने पदार्थाला ओढतो, तो टोकाच्या थोडा पुढे असतो आणि पहिल्याच्या सुमारे एक पंचमांश असतो. भेगेच्या वाटेत आडवा सांधा आला आणि त्याची ताकद पदार्थाच्या ताकदीच्या एक पंचमांशापेक्षा कमी असली, तर भेग पोचण्याआधीच तो सांधा उकलतो. मग भेग त्या उकललेल्या फटीत येऊन मिळते, तिचे टोक बोथट होते आणि ती तिथेच थांबते. सांधा फारच पक्का असेल तर भेग एका तंतूतून दुसऱ्यात सरळ निघून जाते आणि काच-रेझिनचा तुकडा काचेसारखाच फुटतो. भार वाहून नेण्यासाठी सांधा मजबूत हवा आणि भेग थोपवण्यासाठी तो थोडा दुबळा हवा. दोन ठिसूळ घटकांतून येणारा चिवटपणा या तडजोडीतून येतो, आणि तंतूंच्या पृष्ठभागावर नेमके कोणते रासायनिक लेप लावायचे याचे सारे संशोधन या मधल्या मार्गाच्या शोधासाठी चालते.

कार्बन तंतूंची कथा अधिक प्रसिद्ध आहे आणि ती तीन देशांत घडली. अमेरिकेत ओहायो राज्यातील पार्मा येथे युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन हे १९५८ मध्ये अतिशय उच्च तापमानाला आणि दाबाखाली कार्बन कसा वितळतो हे अभ्यासत असताना विद्युतठिणगीच्या भट्टीत साचलेल्या थरात त्यांना ग्रॅफाइटचे केसांहून कितीतरी बारीक धागे सापडले. त्यांची बळकटी सुमारे २० गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे हजार मेगापास्कल) आणि ताठरता, म्हणजे भाराखाली न लांबण्याचा गुण, सुमारे ७०० गिगापास्कल भरली, तर पोलादाची ताठरता सुमारे २०० गिगापास्कल असते. हे धागे कारखान्यात करता येण्यासारखे नव्हते, पण कार्बनकडून किती अपेक्षा ठेवता येते हे त्यांनी सिद्ध केले. जपानमध्ये ओसाकाच्या सरकारी संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचाच मूळ पदार्थ, जाळून नव्हे तर क्रमाक्रमाने तापवून कार्बन तंतू बनवण्याची वाट शोधली आणि १९६१ मध्ये ती प्रसिद्ध केली. फार्नबरोमध्ये विल्यम वॅट, लेस्ली फिलिप्स आणि विल्यम जॉन्सन यांनी १९६३-६४ मध्ये त्यात निर्णायक सुधारणा केली. हवेत २०० ते ३०० अंश सेल्सियसला तापवण्याच्या पहिल्या पायरीत तंतू आक्रसू पाहतो. त्या वेळी त्याला ताणून धरले तर रेणूंची तंतूच्या दिशेने लागलेली रांग मोडत नाही, आणि पुढे ऑक्सिजनविरहित भट्टीत हजार अंशांच्या वर नेल्यावर ग्रॅफाइटचे पापुद्रेही त्याच दिशेने रचले जातात. आजचा सर्वसाधारण कार्बन तंतू सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा असतो, त्याची ताठरता पोलादापेक्षा थोडी अधिक असते आणि घनता पोलादाच्या पावपट. जपानच्या टोरे कंपनीने १९७१ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले.

त्याच काळात या तंतूंनी एक मोठा धडाही दिला. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी २११ या जेट इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करायचे ठरवले होते. पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे परतावे लागले. इतर आर्थिक कारणांबरोबर हा खर्चही अंगावर आला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तंतूंच्या दिशेने पदार्थ अफाट बळकट होता, पण आडव्या दिशेच्या अचानक आघाताला त्याच्याकडे उत्तर नव्हते. पुढे जनरल इलेक्ट्रिकच्या जीई ९० इंजिनात संमिश्र पात्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी बसवून हा प्रश्न सोडवला गेला आणि १९९५ मध्ये ते इंजिन प्रवासी सेवेत आले. मधल्या चोवीस वर्षांत त्या पात्यांच्या रचनेवर आणि पक्ष्यांच्या धडकांच्या चाचण्यांवर राबणाऱ्या अभियंत्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत, आणि मला ती उणीव मनापासून खटकते.

स्टेफनी क्वोलेक यांचे नाव मात्र योग्य कारणांसाठी लोकांपर्यंत पोचले. वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवायचे म्हणून त्या १९४६ मध्ये ड्यूपाँ कंपनीत लागल्या आणि रसायनशास्त्रातच राहिल्या. १९६५ मध्ये त्यांनी बनवलेले एक बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, द्रावण नेहमीसारखे दाट व पारदर्शक न होता पातळ आणि दुधट झाले. ते सूक्ष्म छिद्रांतून ओढून तंतू काढणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला भीती होती की द्रावणातील कण यंत्राची छिद्रे बुजवतील, म्हणून त्याने सुरुवातीला नकार दिला. क्वोलेक यांनी आग्रह सोडला नाही. द्रावण दुधट दिसत होते कारण त्यातले ताठ रेणू आपोआप एका दिशेने रांगेत लागले होते, आणि यंत्रातून ओढताना ती रांग तंतूत कायम राहिली. त्यातून केव्हलार आले, वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट बळकट. बुलेटप्रूफ जाकिटांमुळे वाचलेल्या माणसांचा विचार केला तर १९९६ मध्ये त्यांना मिळालेले अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक अगदी यथायोग्य वाटते. संमिश्र पदार्थ रचणाऱ्याने मात्र हेही ध्यानात ठेवावे लागते की केव्हलार ओढ उत्तम सोसते, पण दाबाखाली कमकुवत ठरते.

आता दिशेच्या प्रश्नाकडे येऊ, कारण अभियंत्याचे रोजचे काम इथे सुरू होते. पोलादाच्या ताठरतेचे वर्णन दोन आकड्यांत होते. एकाच दिशेने तंतू असलेल्या संमिश्र पापुद्र्याला त्याच्या प्रतलातच ताठरतेचे चार आणि बळकटीचे पाच आकडे लागतात: तंतूंच्या दिशेने ओढ व दाब, आडव्या दिशेने ओढ व दाब, आणि शियर. प्रत्यक्षात असे अनेक पापुद्रे शून्य, पंचेचाळीस आणि नव्वद अंशांनी एकावर एक रचतात. त्यातला कोणता पापुद्रा कधी निकामी होईल हे सांगण्यासाठी स्टीफन त्साय आणि एडवर्ड वू यांनी १९७१ मध्ये एक समीकरण मांडले, ज्यात निरनिराळ्या दिशांचे ताण परस्परांवर कसा परिणाम करतात तेही धरलेले होते. त्साय यांनी १९६७ मध्ये या विषयाला वाहिलेल्या एका नियतकालिकाचे संपादन सुरू करून विखुरलेल्या संशोधकांना एक घर मिळवून दिले, हे योगदानही मी तितकेच महत्त्वाचे मानतो. तेल अवीव विद्यापीठाचे झ्वी हाशिन यांनी १९६३ मध्ये श्ट्रिकमन यांच्यासोबत सिद्ध केले होते की घटकांचे प्रमाण व गुणधर्म ठाऊक असले, तर आतली मांडणी नेमकी ठाऊक नसतानाही पदार्थाची ताठरता कोणत्या दोन मर्यादांच्या आत असेल ते सांगता येते. १९८० मध्ये त्यांनी तंतू तुटणे आणि रेझिन तडकणे यांचे निकष वेगळे मांडले, त्यामुळे वस्तू निकामी झाली इतकेच न सांगता ती कशामुळे झाली हेही गणित सांगू लागले. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक दिले. सूत्रे मांडणाऱ्याचा असा जाहीर सन्मान दुर्मीळ आहे. तरीही हा अध्याय मिटलेला नाही. ब्रिटनमधील हिंटन, सोडन आणि कद्दूर यांनी जगभरच्या सिद्धांतकारांना एकच कोडी सोडवायला देऊन त्यांची उत्तरे प्रयोगांशी ताडून पाहिली, तेव्हा कोणताही एक निकष सर्व परिस्थितींत पुरेसा ठरला नाही.

भारतात हे शास्त्र प्रामुख्याने अवकाश आणि विमान कार्यक्रमांतून वाढले. एस. एल. व्ही.-३ या प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यांतील रॉकेट मोटारींची, म्हणजे इंधन जाळणाऱ्या भागांची, आवरणे तंतुयुक्त प्लास्टिकची होती, आणि ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे याच ज्ञानातून पोलिओग्रस्त मुलांसाठी पायाला आधार देणाऱ्या, तीन किलोहून जड धातूच्या कॅलिपरऐवजी सुमारे तीनशे ग्रॅमचे हलके कॅलिपर करवून घेतले. १९८० मध्ये एस. एल. व्ही.-३ यशस्वी झाले तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते वसंत गोवारीकर. मराठी वाचक त्यांना मान्सूनच्या अंदाजासाठी ओळखतात, पण त्यांचे मूळ क्षेत्र बहुवारिके आणि घन इंधन हे होते. घन इंधन हाही संमिश्र पदार्थच आहे, कारण त्यात ऑक्सिजन पुरवणारे स्फटिक आणि ॲल्युमिनियमची भुकटी रबरासारख्या बंधकात घट्ट धरलेली असते. तिथेही सांध्याचाच प्रश्न असतो. बंधक कणांपासून सुटला आणि इंधनात भेग पडली, तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो आणि मोटार फुटू शकते. विमानांच्या बाजूने बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने तेजस विमानासाठी कार्बन संमिश्रांचे भाग आणि ते दाबाखाली भाजण्याच्या ऑटोक्लेव्ह भट्ट्या देशातच विकसित केल्या. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजसच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे.

गौरवाची पद्धत कशी असावी याचे एक उदाहरण मला विशेष आवडते. अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये पार्मा येथील प्रयोगशाळेला राष्ट्रीय रासायनिक वारसास्थळाचा मान दिला, म्हणजे जिथे काम झाले त्या जागेचाही सन्मान झाला. आपल्याकडे अशा प्रयोगशाळांच्या दारावर फलक फारसे दिसत नाहीत. भट्टीचे तापमान रात्रभर सांभाळणारे, पापुद्रे हाताने रचणारे आणि चाचणीचे तुकडे कापणारे तंत्रज्ञ तर नोंदींतूनही निसटतात. संमिश्र वस्तूची गुणवत्ता रेझिनमध्ये अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांइतक्या लहान चुकीनेही घसरते, त्यामुळे या क्षेत्रात हाताच्या कसबाचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची नोंद संशोधनाइतकीच काळजीने व्हायला हवी.

सध्या या शास्त्रापुढे जे काम आहे ते महाराष्ट्रातल्या पठारांवर उघड दिसते. साताऱ्यातील वनकुसवडे आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती काचतंतू आणि रेझिनची आहेत. एकदा घट्ट झालेले असे रेझिन पुन्हा वितळत नाही, त्यामुळे निवृत्त पाती लोखंडासारखी भट्टीत घालता येत नाहीत. भट्टीत तापवून रेझिन उडवले तर तंतू मोकळे होतात, पण ४५० अंशांच्या वर गेल्यावर काचतंतूंची बळकटी निम्म्याहूनही कमी होते. त्यामुळे आता सौम्य आम्लात टाकल्यावर ज्यांचे बंध सुटतील अशी रेझिने तयार केली जात आहेत. सीमेन्स गमेसा कंपनीने अशा रेझिनचे मोठे पाते २०२१ मध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी जर्मनीजवळच्या समुद्रातील पवनक्षेत्रात अशी पाती बसवलीही. वीसेक वर्षे वारा आणि ओल सोसताना हे बंध पक्के राहावेत आणि नंतर ठरवल्या वेळी सुटावेत, याची कसोटी अजून व्हायची आहे.